धाकूशेठ कागद घेत नाहीत

ताबा मिळणार असल्याचा फोन आला तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत बाटल्यांची झाकणं तपासत होतो. मी क्वालिटीत आहे. वाकडं झाकण दिसलं की त्यावर फुली मारायची, हे माझं काम. "सर, तुमचा फ्लॅट रेडी आहे," असं बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली आणि त्यानंतरचा अख्खा लॉट मी न बघता पास केला. माणसाला स्वतःचं घर मिळत असताना जगात वाकडं असं काही उरतच नाही.

फ्लॅट मोहन्याला. बाथरूमच्या खिडकीतून, स्टुलावर चढून, डावीकडे मान काढली की उल्हास नदी दिसते. बिल्डर याला रिव्हर व्ह्यू म्हणतो. आता मीही म्हणतो. माझ्या बायकोने, हेमांगीने, त्याच संध्याकाळी पडद्यांचे रंग ठरवले, मग बदलले, मग पुन्हा पहिल्यावर आली. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. तो हुकला की पौष, आणि पौषात आमच्या सासूबाई कोणाला नवीन झाडूसुद्धा आणू देत नाहीत, मग गृहप्रवेश कसला? थोडक्यात, मार्गशीर्ष म्हणजे मार्गशीर्ष.

मधे एकच लहानसं काम होतं. आम्ही बाळकुमला भाड्याने राहत होतो, आणि करारात लिहिलं होतं की घर सोडायचं तर महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी. करार संपतच आला होता. वेळेत सांगितलं नाही तर एजंट आपला लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येणार आणि आम्हाला आणखी अकरा महिने बांधून टाकणार. तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली. भांडी, कपडे, माळा आणि पलंगाखालचं सगळं हेमांगीकडे. नोटीस माझ्याकडे. सोपं काम आपल्याकडे ठेवायचं हे मी कंपनीत शिकलोय.

आमचे मालक धाकूशेठ भोईर. बाळकुमचे मूळचे. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे आणि तिच्यातले बरेच फ्लॅट त्यांचे आहेत. ते स्वतः मात्र इमारतीला लागून असलेल्या बंगल्यात राहतात आणि दिवसभर पडवीत झोपाळ्यावर बसून गेटातून कोण आलं, कोण गेलं ते बघतात. सात वर्षांत त्यांनी आम्हाला कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता. त्यांच्या घरी कोलंबी झाली की आमच्याकडे डबा. आम्ही कोलंबी खात नाही हे सांगायचं पहिल्या वर्षी राहून गेलं, आणि आता आम्ही खातो.

रविवारी सकाळी मी पेढ्यांचा बॉक्स हातात आणि नोटीस शर्टाच्या खिशात घेऊन बंगल्यावर गेलो. भाषण तयार होतं. आधी पेढा, मग आनंदाची बातमी, मग आभार, मग नोटीस.

"शेठ, मोहन्याला फ्लॅट घेतला. ताबा मिळतोय."

धाकूशेठ झोपाळ्यावरून उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. खिशातली नोटीस चुरगळली. "सखू, ए सखू! भायेर ये! दाबकेसाहेब मालक झालं!"

सखुबाई हात पुसत आल्या, पेढा खाल्ला, माझ्यावरून बोटं मोडली. मी भाषणाच्या तिसऱ्या भागात शिरणार तेवढ्यात धाकूशेठनी मला झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आता ऐका. तुमी आन मी आता एकाच धंद्यान. भाडेकरू ठेवताना बगून ठेवाचा. बायको भांडखोर नाय ना ते बगाचा. आन एक गोस्ट कवाच विसराची नाय." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "भाडेकरूचा कागद हातान घ्याचा नाय. कवाच नाय. तो खिशान हात घालील, तवा तुमी विषय बदलाचा."

माझा हात त्या क्षणी खिशातच होता.

"का हो, शेठ?"

धाकूशेठनी झोपाळा थांबवला. "माज्या बाला एक कागद आलता. सरकारी. बानं हात पुढं केला, घेतला, अंगठा दिला. खाडीकडचा मिठागर गेला. दुसरा कागद आला, भातशेती गेली. तवापासून आमच्या घरान कोन कागद घेत नाय. पोस्टमन आला तरी मी हात पाठीमागं घेतो."

हे खरं होतं. दर अकरा महिन्यांनी करार करताना ते एजंटच्या यंत्रावर अंगठा ठेवायचे, पण छापील प्रत घ्यायचे नाहीत. यंत्र चालतं, कागद नाही. मिठागराबद्दल मात्र मला माहीत नव्हतं. वडिलांच्या मिठागराची गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या हातात लगेच कागद ठेवायचा, एवढं धैर्य क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये नसतं.

"खिशान काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. ते... किचनमध्ये जरा ओल आलीय. तेच सांगायचं होतं."

सोमवारी सकाळी दाराशी दोन रंगारी शिडी घेऊन उभे. आधी किचन झालं, मग किचन एवढं चांगलं दिसतंय तर बाकीचं का नको म्हणून हॉल झाला, मग पॅसेज. हेमांगी माळ्यावरची पितळी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि तिच्या डोक्यावर पिस्ता रंगाचे थेंब पडत होते.

"तू नोटीस द्यायला गेलेलास ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग हे काय आहे?"

मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर पाठवतो. व्हॉट्सॲप म्हणजे कागद नव्हे. नोटिशीचा फोटो काढला आणि पाठवला. लगेच निळ्या खुणा आल्या. मग उत्तर आलं. मोठा लाल गुलाब, त्यावर दव, खाली 'आपला दिवस मंगलमय जावो.' मी पुन्हा पाठवला. आता गणपती आला.

मग मी भाऊंकडे गेलो.

भाऊ आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मूळचे सदाशिव पेठेतले, आणि शिवाय आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी माझी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि दुःखाने मान हलवली.

"सुश्रुत, ही नोटीस नाही, हे लग्नाचं आमंत्रण आहे. 'आपल्या प्रेमाबद्दल ऋणी आहोत' काय! आणि एक लक्षात ठेवा. नोटीस देत नसतात. बजावत असतात."

त्यांनी स्वतः नवा मसुदा लिहिला. "मी खाली सही करणार, सुश्रुत दाबके, याद्वारे आपणांस कळवितो की" अशी सुरुवात आणि "अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल" असा शेवट.

"कसले परिणाम, भाऊ?"

"ते लिहायचे नसतात. समोरच्याने कल्पायचे असतात. आता हे रजिस्टर एडीने जाऊ दे."

पोस्टात खिडकीवरच्या बाई भाऊंना म्हणाल्या, "काका, रजिस्टर बंद झालं. स्पीड पोस्टात मिळवलं. पोचपावती हवी तर तशी करून देते." भाऊंचा चेहरा एखादा जवळचा नातेवाईक गेल्याचं बस स्टॉपवर कळावं तसा झाला. "रजिस्टर बंद?" ते दोनदा म्हणाले. रांगेतल्या एका मुलीने त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं. पाकीट मीच चिकटवलं. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात, भाऊंच्या आग्रहाने, माझं पूर्ण नाव ठळक अक्षरात.

पोस्टमन आला त्या दिवशी मी नेमका सुट्टीवर, घरी. खालून धाकूशेठची हाक आली. "दाबकेसाहेब! जरा खाली या नं!"

गेटाशी पोस्टमन पाकीट पुढे धरून उभा. समोर धाकूशेठ, दोन्ही हात पाठीमागे.

"यो कागद आलाय. मी घेत नाय. तुमी शिकलेलं. हात नका लावू, नुसता वरचा वाचा. कोन पाठवतंय?"

मी वाकून वाचलं. माझ्याच अक्षरात माझं नाव माझ्याकडे बघत होतं. पोस्टमनने पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं. तो आम्हाला ओळखतो. तो एक सभ्य माणूस आहे.

खरं सांगायची हीच वेळ होती. मला दरदरून घाम फुटला आणि मी म्हणालो, "कुठल्यातरी गिझर कंपनीचं दिसतंय, शेठ. आमचा गिझर जरा बिघडलाय, मी तक्रार केलेली, त्यांनी तुम्हाला पाठवलं असेल."

"गिझर?" धाकूशेठनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरा. ने रे परत," ते पोस्टमनला म्हणाले.

संध्याकाळी नवा गिझर बसला. पंचवीस लिटरचा, आकड्यांचा डिस्प्ले असलेला. हेमांगी बाथरूमच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. "सुश्रुत," ती हळूच म्हणाली, "मोहन्याच्या बाथरूममध्ये एवढा बसायचा नाही रे." मी घाबरलो. अजून दोन-तीन वेळा नोटीस देण्याचा प्रयत्न केला असता तर या बाईने घर सोडायलाच नकार दिला असता.

पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन माझ्याकडे परत आलं आणि भाऊ मात्र एकदम तरुण झाले. ते लुंगीवरच आमच्याकडे धावत आले.

"अभिनंदन! नकार म्हणजे बजावणी! कायद्याच्या दृष्टीने ती धाकूशेठना मिळाली, त्यांनी वाचली आणि त्यांना समजली. तुम्ही मुक्त आहात!"

मी उडीच मारली. हेमांगीने भाऊंना चहा दिला. मी म्हटलं, "मग टेम्पो सांगून टाकतो. मुहूर्ताच्या दिवशीच सकाळी सामान काढू."

भाऊंनी कप खाली ठेवला. "टेम्पो आत येण्यासाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागेल. लेखी."

"पण भाऊ, तुम्हीच आत्ता म्हणालात—"

"ते शेजारी म्हणून म्हणालो. हे सेक्रेटरी म्हणून म्हणतोय. सोसायटीचा नियम आहे. उद्या कोणीही कोणाचंही सामान घेऊन जाईल."

"धाकूशेठ कागद घेत नाहीत, देत नाहीत, शिवत नाहीत!"

"शेजारी म्हणून मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे," भाऊ म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले.

म्हणजे कायद्याने मी घर सोडलेलं होतं आणि गेटमधून बाहेर पडता येत नव्हतं. हेमांगी सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "कायद्याने त्यांना कळलं, बरोबर आहे. पण धाकूशेठना कळलंय का?" या प्रश्नावर भाऊ शेजारी म्हणूनही उठले आणि सेक्रेटरी म्हणूनही. त्यांनी मला एका वकिलाचा पत्ता दिला. "कोर्ट नाक्यावर बसतात. ॲडव्होकेट केणी. भाडेकरूंच्या प्रकरणात हातखंडा."

ॲडव्होकेट केणी या एक चुणचुणीत, माझ्याच वयाच्या बाई निघाल्या. मी पाकीट, पोचपावती, नकाराचा शेरा आणि गुलाबाच्या फुलाचा स्क्रीनशॉट असं सगळं टेबलावर मांडलं आणि तक्रारीचा पाढा वाचला. मालक किती आडमुठे आहेत हे सांगताना मी जरा रंगात आलो. आजवर माझं कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. त्यांनी पाकीट उलटं करून पत्ता वाचला आणि त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला.

"धाकू भोईर. बाळकुम. अहो, माझे पप्पा आहेत ते."

"पण तुम्ही केणी..."

"लग्नानंतर. आधी निशिगंधा भोईर."

मी आडमुठा हा शब्द परत घेण्यासाठी तोंड उघडलं. त्यांनी हातानेच थांबवलं. "असू दे, आडमुठे आहेतच. मी तुमचं काम घेऊ शकत नाही, उघड आहे. पण एक विचारू? पप्पा माझ्या लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा हात लावत नव्हते. मम्मीनं वाचून दाखवलेली. तुम्ही त्यांना तोंडी सांगितलंत?"

"अर्थात. अनेकदा."

"म्हणजे 'मी घर सोडतोय' असं? याच शब्दांत?"

मी आठवू लागलो. ओल म्हणालो होतो. गिझर म्हणालो होतो. आणखी एकदा जिन्यात गाठून 'बघू या पुढे कसं काय ते' असं म्हणालो होतो, त्यावर त्यांनी आमच्या मजल्यावर नवीन ट्यूबलाइट लावली होती. माझ्या लक्षात आलं की ठाणे शहरातल्या पोस्टाला, वकिलाला, सेक्रेटरीला आणि रंगाऱ्यांना हे तीन शब्द माहीत होते. फक्त ज्याला सांगायचे तो राहिला होता.

निशिगंधाताईंनी कागद गोळा करून माझ्या हातात दिले. "एकटे असताना सांगाल तर ते विषय बदलतील. त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. चारचौघांत सांगा. आमच्यात चारचौघांत बोललेलं म्हणजे रजिस्टर झालं. शनिवारी नयनची हळद आहे, माझ्या भावाची. बिल्डिंगला आमंत्रण आहेच. या."

आता बाळकुमची हळद म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लग्न हे हळदीनंतर उरलेलं काम असतं. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा अख्खी गल्ली मंडपाखाली होती, स्टेजवर बेंजो पार्टी, समोर सगळं गाव, आणि पहिल्या पाच मिनिटांत माझा पांढरा कुर्ता पिवळा झालेला. भाऊ कोपऱ्यात खुर्चीवर रुमाल पसरून बसले होते. धाकूशेठ डोक्याला फेटा बांधून सगळ्यांत पुढे नाचत होते. मला वाटलं, नको आज. मग सोमवारी येणारा एजंट आणि त्याचं यंत्र आठवलं. हेमांगीने मला कोपराने ढकललं आणि निशिगंधाताईंनी स्टेजवरून खूण केली.

"आता आपले खास पाहुणे दाबकेसाहेब दोन शब्द बोलतील," तिथला निवेदक ओरडला आणि माईक माझ्या हातात आला.

इतक्या माणसांसमोर मी कधीच बोललो नव्हतो. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, उरला तो भाऊंचा मसुदा.

"मी खाली सही करणार, सुश्रुत दाबके," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. बेंजोवाल्याला वाटलं गाण्याची फर्माईश आहे. त्याने वाजवायला सुरुवात केली. दोन कडवी होऊन तो थांबला.

"याद्वारे आपणांस कळवितो की—"

पुन्हा बेंजो. आता ढोलकीही. पोरं नाचायला लागली. मी माईक तोंडाजवळ धरून जीव खाऊन ओरडलो, आणि नेमका त्याच क्षणी वाद्यं थांबली.

"मी घर सोडतोय!"

आवाज खाडीपलीकडे काल्हेरपर्यंत गेला असावा. मग पाचशे माणसांनी एकदम हेमांगीकडे बघितलं.

"अगो बाई," एक म्हातारी म्हणाली, "हळदीच्या दिवशी सोडतंय?"

बायकांनी हेमांगीला वेढा घातला. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागलं, कोणी पाणी आणलं. "मारतंय काय गं तुला?" एकीने विचारलं. दोन दांडगे तरुण बाह्या सावरत माझ्या दिशेने निघाले. "संन्यास घेतंय वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. मी माईकमध्ये ओरडत होतो, "भाड्याचं! भाड्याचं घर! बायकोला घेऊन सोडतोय!"

तेव्हा कुठे त्या तरुणांनी बाह्या खाली केल्या. पण प्रकरण तिथे मिटायचं नव्हतं, कारण आता धाकूशेठ स्टेजवर चढले. त्यांनी माईक घेतला. फेटा एका कानावर आलेला.

"यो मानूस सात वरसं माज्या घरान राहिला," ते गावाला उद्देशून म्हणाले. "आज जातो म्हंतो. कुनी तरास दिला त्याला? सांगा. आत्ता सांगा."

मग चौकशी बसली. हळद बाजूलाच राहिली. "पानी येत नसंल," एकाने शंका काढली. "येतंय, दोन टाईम येतंय," दुसऱ्याने सांगितलं. "आत्ताच कलर केलाय," रंगारी गर्दीतच होता, तो म्हणाला, "पिस्ता." "नवा गिझर बसवलाय!" "पंचवीस लिटरचा!" प्रत्येक पुराव्याबरोबर गावाची माझ्याकडे बघायची नजर बदलत होती. एवढं सगळं घेऊन हा माणूस पळतोय, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं. मी पिवळा, घामाघूम, स्टेजवर उभा. आमच्या सात पिढ्यांत कोणाची अशी जाहीर तपासणी झाली नसेल. नवरदेव नयन चौरंगावर हळद माखून बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, काय प्रॉब्लेम असेल तर बोला ना. आपण सॉल्व करू."

"काहीच प्रॉब्लेम नाही!" मी म्हणालो. माईक नव्हता तरी ऐकू गेलं. "सगळं चांगलं आहे. तुमच्याएवढं चांगलं कोणी नाही. पण आम्ही घर घेतलंय. आमचं. आम्हाला तिथे राहायचंय." हे बोलताना माझा आवाज जरा चिरकला. उत्साहाने की कशाने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

धाकूशेठ माईक हातात धरून नुसते उभे. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आत्याबाई, ठमाबाई, काठी टेकत उठल्या. नव्वदीच्या असतील. त्यांच्यासमोर धाकूशेठसुद्धा फेटा सरळ करतात.

"काय झाला रे धाकू? मानूस सोताच्या घरान चाललाय. सोताचा घर सोडून जानाऱ्याला आडवाचा, सोताच्या घरान जानाऱ्याला नाय. त्यो हासतोय बग, आन तू तोंड पाडून उबा. वाजवा रे!"

आणि बेंजो, ढोलकी, कॅसिओ, सगळं एकदम सुटलं. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. हेमांगीला ज्या बायकांनी नवऱ्याने टाकलेली म्हणून धीर दिला होता, त्यांनीच तिला हळदीने माखून मध्यभागी नाचायला ओढलं. मी वरून बघितलं तर भाऊ रुमाल हवेत फिरवत होते. शेजारी म्हणून असावं.

खांद्यावरून उतरलो तर धाकूशेठ दिसेनात. मंडपामागे जेवणाची पातेली चालू होती, तिथे एका उलट्या घातलेल्या पातेल्यावर ते एकटे बसले होते. मी शेजारी बसलो.

"शेठ, रागावलात?"

"कागद कशाला पाठवलास?" आजवर ते मला अरे-तुरे करत नसत. "पाकिटावर तुजा नाव होता. मी चौथी शिकलोय. वाचता येतंय माना."

मला पातेल्याखाली जाऊन बसावंसं वाटलं. "मग मला वाचायला का बोलावलंत?"

"म्हटला, समोर उबा केला का तोंडान सांगल."

"आणि मी गिझर म्हणालो."

"हां. तू गिझर बोललास."

"खोटं होतं हे कळलेलं, तरी बसवलात?"

धाकूशेठ थोडे हसले. "तुला घाम फुटलेला रे. म्हटला, आंगोल तरी बरी करील."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि विचारलं, "कवा जाताव?" मी मुहूर्त सांगितला. त्यांनी मान हलवली, उठले, आणि आचाऱ्याला हाक मारून म्हणाले, "यांना दोगांना आदी वाड." एवढीच आमच्या नोटिशीची पोच.

एजंटला त्यांनीच येऊ नको म्हणून सांगितलं. सामान काढायच्या दिवशी मात्र गेटावर टेम्पो अडलाच. भाऊ रजिस्टर उघडून उभे. "मालकाचं पत्र?"

धाकूशेठ बंगल्यातून खुर्ची घेऊन आले, गेटाच्या बरोबर मध्ये ती मांडली आणि बसले. "मी हाय ना हितं. लिव्हा काय लिव्हाचा ते."

"पण पत्र हे—"

"भाऊ, मला हरकत नाय. तुमाला हाय?"

भाऊंनी सेक्रेटरी म्हणून खूप विचार केला. मग रजिस्टरात लिहिलं, 'मालक समक्ष हजर. हरकत नसल्याचे तोंडी सांगितले,' आणि शेजारी म्हणून टेम्पोत आमची कुंडी चढवायला मदत केली.

मला वाटलं इथे निरोप घ्यायचा. पण धाकूशेठ आणि सखुबाई त्यांच्या गाडीतून टेम्पोच्या मागोमाग निघाले. मोहन्याला पोचल्यावर धाकूशेठ आमच्या आधी लिफ्टमध्ये. त्यांनी सगळे नळ उघडून बघितले, दारांच्या बिजागऱ्या हलवून बघितल्या, भिंतींवर बोटाच्या पेरांनी ठकठक केलं आणि प्रत्येक ठकठकीनंतर "हं" म्हणाले. तो "हं" मला फारसा आवडला नाही. हेमांगीने त्यांना स्टुलावर चढवून नदी दाखवली. सखुबाईंनी ओट्यावर दूध उतू घालवलं.

पूजा झाल्यावर हेमांगी देवाची तसबीर घेऊन आली. "इथे लाव. पूर्वेकडे."

मी खिळा आणि हातोडी घेतली, भिंतीजवळ गेलो, आणि सवयीने मागे वळून म्हणालो, "शेठ, इथे खिळा ठोकू का?"

धाकूशेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते एकदम ओरडले, "माना काय विचारतंस रे येड्या! तुजी भिंत हाय! ठोक!"

मी हातोडी उचलली. भाड्याच्या घरांत इतकी वर्षं राहिल्यावर माणसाच्या हातात किती जोर साठलेला असतो, याची मला कल्पना नव्हती. एकाच घावात खिळा पार आत गेला आणि त्याच्याबरोबर ताटाएवढा प्लास्टरचा पोपडा सुटून हेमांगीच्या नव्या साडीवर पडला. पलीकडच्या फ्लॅटमधून एका बाईचा आवाज आला. "कोण आहे? आमच्या किचनमध्ये खिळा आलाय!"

"नवीन शेजारी!" मी ओरडून सांगितलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं.